पायथनचा रोजचा सराव: तयारी, क्रम आणि नेमकं कुठे चुकतं

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना अडकलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. व्हिडिओ पूर्ण बघून झाले, समोरचा कोड वाचला की कळतो, पण रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. याचा बुद्धीशी संबंध नाही आणि गणिताशीही नाही. सराव म्हणून जे चाललेलं असतं त्यात कोड वाचणं आणि उतरवणं एवढंच असतं. स्वतः विचार करून लिहिणं, चुकणं आणि ती चूक शोधून काढणं त्यात येतच नाही. वेळ भरपूर दिला जातो, पण चुकीच्या क्रमाने. पुढचे टप्पे क्रमाने घ्या. विशेषतः तिसरा आणि चौथा गाळू नका.

एक सूचना आधीच. या लेखात पायथनचे शब्द देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना प्रिंट, इनपुट, फॉर, इफ हे सगळे इंग्रजीत आणि स्मॉल लेटरमध्ये लिहायचे. ट्रू, फॉल्स आणि नन या तिघांचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. प्रिंटचं पहिलं अक्षर कॅपिटल केलात तरी पायथनला तो ओळखू येत नाही.

## टप्पा १: कॉम्प्युटरची तयारी

१. पायथन ३ची चालू आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्या काळातले धडे अजून सापडतात. ते ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रिंटपुढे कंस नसतो. असा धडा दिसला की तो सोडून द्या.

२. विंडोजवर इन्स्टॉलरच्या पहिल्या खिडकीत पायथन ‘पाथ’मध्ये (कॉम्प्युटर प्रोग्रॅम जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत) जोडायचा चौकोन दिसला, तर त्यावर टिक करूनच पुढे जा. घाईत ‘इन्स्टॉल’ दाबणाऱ्यांना नंतर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘पायथन सापडला नाही’ असा निरोप येतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’मधून ती टिक करणं.

३. टर्मिनल उघडून आवृत्ती विचारा: पायथन, मग एक जागा, मग दोन आडव्या रेघा आणि ‘व्हर्जन’. मॅक आणि लिनक्सवर पायथनऐवजी ‘पायथन३’ लिहावं लागतं. विंडोजवर ‘पीवाय’ एवढंही बहुधा चालतं.

४. एडिटर कुठलाही चालेल. विंडोज आणि मॅकवर पायथनसोबत आयडल येतो आणि पहिल्या काही आठवड्यांना तो पुरतो. व्हीएस कोड वापरणार असाल, तर त्यातली एआयकडून पूर्ण ओळ सुचवणारी सोय सध्या बंद ठेवा. ती चालू असेल तर लिहिण्याचं काम ती करते आणि तुमच्या वाट्याला फक्त टॅब दाबणं उरतं.

५. सरावासाठी एकच फोल्डर करा. फाइलच्या नावात जागा सोडू नका.

सावधान: फाइलला रँडम, टर्टल, सीएसव्ही किंवा स्टॅटिस्टिक्स अशी नावं देऊ नका. ही पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलची, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार कोडच्या फाइलींची, नावं आहेत. तुमच्या फाइलचं नाव ‘रँडम’ असेल आणि तिच्यात तुम्ही रँडम इम्पोर्ट केलं, तर पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये बघतो आणि तुमचीच फाइल उचलतो. मग ‘रँडममध्ये असं फंक्शन नाही’ असा एरर येतो आणि पायथन नीट बसला नाही असं समजून लोक तो काढून पुन्हा टाकतात.

तपासणी: एका ओळीची फाइल करा, जी फक्त तुमचं नाव प्रिंट करते. ती एडिटरमधून चालवा आणि टर्मिनलमधूनही चालवा. दोन्हीकडे नाव दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: वेळ आणि वही

रोज पाऊण तास, आठवड्यातून किमान पाच दिवस. रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण काल शिकलेलं आज आठवून काढावं लागतं आणि ते आठवून काढतानाच पक्कं होतं. पाऊण तास मिळणार नसेल त्या दिवशी वीस मिनिटं बसा, पण नवीन काही घेऊ नका.

वही हवी, कागदाची. त्यात नोट्स काढायच्या नाहीत. त्या सगळ्या पायथनच्या दस्तऐवजात आहेतच. वहीत फक्त चुका लिहायच्या: काय अपेक्षित होतं, काय झालं, कारण काय निघालं. तीन ओळी पुरतात. महिन्याभराने पानं चाळलीत की तुमच्या चुकांचे चार-पाचच प्रकार पुन्हापुन्हा येताना दिसतील आणि पुढचा सराव कशावर करायचा हे वेगळं कुणाला विचारावं लागणार नाही.

## टप्पा ३: रोजच्या पाऊण तासाचा क्रम

इथे बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी व्हिडिओ, मग त्यातला कोड बघत-बघत उतरवणं, चालला की समाधान, आणि पुढचा व्हिडिओ. त्याऐवजी असं करा.

१. कालचं आधी (दहा मिनिटं). नवीन, रिकामी फाइल. काल सोडवलेला एक प्रश्न न बघता पुन्हा लिहा. कालची फाइल उघडायची नाही. अडलात तर अडलेल्या ठिकाणी दोन मिनिटं थांबा, आणि तरीही आठवलं नाही तर तेवढीच ओळ बघून फाइल पुन्हा बंद करा. हा भाग सगळ्यांत कंटाळवाणा वाटतो आणि सर्वांत आधी गाळला जातो. मला विचाराल तर पाऊण तासातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

२. नवीन एकच गोष्ट (दहा मिनिटं). धडा वाचा किंवा व्हिडिओ बघा, पण एका कल्पनेपुरताच. आज वाईल लूप असेल तर फक्त वाईल लूप.

३. चालवण्याआधी अंदाज. उदाहरणाचा कोड स्वतःच्या हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट नको. रन करण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत लिहा. समजा लिस्टमध्ये १०, २०, ३०, ४०, ५० आहेत आणि त्यातून १ ते ३ असा तुकडा काढलाय. बऱ्याच जणांचा अंदाज १०, २०, ३० असतो, काहींचा २०, ३०, ४०. उत्तर येतं २०, ३०. मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शेवटचा क्रमांक धरला जात नाही, हे नियम म्हणून वाचलं तर विसरतं. स्वतःचा लिहिलेला अंदाज चुकला की लक्षात राहतं.

४. मुद्दाम मोडा (पाच मिनिटं). चालणाऱ्या कोडमधला विसर्गचिन्हासारखा कोलन काढा आणि रन करा. मग तो परत घालून एका ओळीची आतली जागा काढा. मग व्हेरिएबलच्या नावातलं एक अक्षर बदला. प्रत्येक वेळी कुठला एरर आला ते बघा. कारण आधीच माहीत असताना एरर बघितला असेल, तर पुढे तोच एरर अचानक समोर आल्यावर कारण पटकन सुचतं.

५. बदल (पंधरा मिनिटं). उदाहरण जसंच्या तसं सोडू नका. १ ते १०० बेरीज करणारा कोड असेल, तर फक्त विषम संख्यांची करा. मग वापरणाऱ्याने दिलेल्या दोन संख्यांमधली करा. मग पहिली संख्या दुसरीपेक्षा मोठी दिली तर काय होतं ते बघा.

६. वहीत नोंद आणि उद्याचा प्रश्न. उद्या आधी कुठला प्रश्न पुन्हा लिहायचा तो आजच ठरवून ठेवा.

सोडवलेले प्रश्न कालच्यापुरते ठेवू नका. प्रत्येक प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी असा रिकाम्या फाइलमध्ये परत आला पाहिजे.

तपासणी: आठवड्याच्या शेवटी स्वतःला विचारा, या आठवड्यात रिकाम्या फाइलपासून, काहीही न बघता, चालणारे किती प्रोग्रॅम लिहिले? उत्तर शून्य असेल, तर पुढचा आठवडा नवीन विषय घेऊ नका.

## टप्पा ४: एरर वाचायला शिका

लाल अक्षरं दिसली की घाबरून एक-दोन चिन्हं इकडची तिकडे करायची आणि पुन्हा रन करायचं, ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडा. पायथनचा एरर बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो. २०२१मध्ये आलेल्या ३.१० आणि २०२२मधल्या ३.११ आवृत्तीपासून तर तो ‘हा कंस बंदच केला नाही’ असं सांगतो, जवळचं नाव सुचवतो, ओळीतला नेमका भागही खुणेने दाखवतो.

वाचायचं खालून वर.

१. सर्वांत खालची ओळ आधी. तिथे एररचा प्रकार आणि कारण असतं.

२. त्याच्या वर फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक. यादी लांब असेल, तर खालून वर जाताना तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा येतं ती ओळ धरा.

३. सिंटॅक्स एरर असेल आणि दाखवलेल्या ओळीत काहीच चुकीचं दिसत नसेल, तर तिच्या आधीची ओळ बघा. न मिटलेला कंस किंवा राहिलेलं अवतरणचिन्ह बऱ्याचदा तिथे असतं.

४. दुरुस्त करण्याआधी कारण एका वाक्यात वहीत लिहा. वाक्य लिहिता आलं नाही, तर अजून कळलेलं नाही. कोडला हात लावू नका.

नेहमी भेटणारे एरर आणि त्यामागची नेहमीची कारणं अशी. नेम एरर म्हणजे नाव चुकलंय, किंवा शब्द अवतरणात टाकायचा राहिलाय. टाइप एरर म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र केल्या, उदाहरणार्थ मजकूर आणि संख्या. व्हॅल्यू एरर म्हणजे जात बरोबर, पण किंमत चालणारी नाही. ‘बारा’ हा शब्द किंवा ‘३.५’ हा मजकूर इंटला (मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या फंक्शनला) दिला की हा येतो. इंडेक्स एरर म्हणजे लिस्टच्या बाहेर हात घातला. पाच घटकांच्या लिस्टमध्ये शेवटचा क्रमांक ४ असतो. की एरर म्हणजे डिक्शनरीत (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यात) ती किल्लीच नाही. आणि ॲट्रिब्यूट एररमध्ये ‘ननटाइप’ हा शब्द दिसला, तर कुठल्यातरी फंक्शनने काहीच परत दिलेलं नाही. लिस्टवर सॉर्ट चालवून त्याचा निकाल व्हेरिएबलमध्ये ठेवणाऱ्यांना हा हमखास भेटतो: सॉर्ट मूळ लिस्टच बदलतो आणि नन परत देतो. नवीन लिस्ट हवी असेल तर सॉर्टेड वापरा.

सावधान: वेबपानावरून किंवा चॅटमधून कोड उतरवून घेतला, तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येऊ शकतात आणि मग सिंटॅक्स एरर मिळतो. देवनागरी कीबोर्ड चालू राहिल्यानेही असंच होतं. इनपुटमध्ये कुणी १२ हा आकडा देवनागरीत दिला तर इंट तो नीट समजतो, पण कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिलात तर चालत नाही.

## टप्पा ५: विषय कोणत्या क्रमाने घ्यायचे

क्रम साधारण असा ठेवा: व्हेरिएबल, संख्या आणि स्ट्रिंग, इनपुट-प्रिंट, इफ-एल्स, फॉर आणि वाईल, लिस्ट, फंक्शन, डिक्शनरी, फाइल वाचणं-लिहिणं, एरर सांभाळणं, मॉड्यूल. क्लास त्यानंतर. डेटा सायन्स किंवा वेबसाइटच्या लायब्ररींकडे डिक्शनरी आणि फंक्शन हातात बसण्याआधी वळू नका. तिथला प्रत्येक एरर मग दुप्पट अवघड वाटतो, कारण चूक लायब्ररीतली की आपल्या मूळ पायथनमधली हेच कळत नाही.

सगळ्या विषयांवर सारखा वेळ घालवायची गरज नाही. इफ-एल्स दोन दिवसांत होईल. लूप आणि फंक्शनला प्रत्येकी दोन आठवडे लागले तरी लागू द्या.

या वाटेवर काही चुका अशा आहेत की त्यांना एरर येतच नाही. प्रोग्रॅम चालतो आणि उत्तर चुकीचं देतो. त्यांच्यावर थांबणं भाग आहे.

इनपुट नेहमी मजकूरच देतो. वापरणाऱ्याने ५ आणि ५ दिले आणि तुम्ही बेरीज केलीत, तर ५५ मिळतं. संख्या हवी असेल तर आधी इंट किंवा (दशांश संख्येसाठी) फ्लोट.

‘ऑर’चा गैरसमज. ‘रंग लाल असेल किंवा निळा’ हे बोलल्यासारखंच लिहिलं, म्हणजे रंग == "लाल" आणि त्यापुढे ऑर "निळा", तर ती अट कायम खरी ठरते. कारण रिकामा नसलेला कुठलाही मजकूर पायथनच्या लेखी खरा असतो. दोन्ही बाजूंना पूर्ण तुलना लिहा, किंवा ‘इन’ वापरून रंग यादीत आहे का ते विचारा.

आतली जागा. पायथनमध्ये ओळ किती आत आहे यावर तिचा अर्थ ठरतो. एका पातळीला चार जागा, हा रूढ नियम. बेरीज शून्य करणारी ओळ चुकून लूपच्या आत गेली, तर दर फेरीला बेरीज पुसली जाते. रिटर्न लूपच्या आत गेला, तर फंक्शन पहिल्याच फेरीत बाहेर पडतं. दोन्ही वेळा एरर नाही.

प्रिंट आणि रिटर्न. प्रिंट पडद्यावर दाखवतो, रिटर्न किंमत परत देतो. फंक्शनमध्ये फक्त प्रिंट केलं, तर पडद्यावर उत्तर दिसतं, पण ते पुढच्या हिशेबात घेतलं की हाती नन येतो. सरावात नियम करा: हिशेब करणाऱ्या फंक्शनमध्ये प्रिंट नाही.

दुसरी लिस्ट, जी दुसरी नसते. ब = अ लिहिलं की नवीन लिस्ट तयार होत नाही; एकाच लिस्टला दोन नावं मिळतात. ब मध्ये घटक जोडला की तो अ मध्येही दिसतो. वेगळी प्रत हवी तर कॉपी वापरा.

लूप चालू असताना लिस्टमधून काढणं. २, ४, ६, ८ या लिस्टवर लूप चालवून प्रत्येक सम संख्या काढायला सांगा. लिस्ट रिकामी होत नाही. ४ आणि ८ उरतात. घटक निघाला की पुढचे मागे सरकतात आणि लूप एक उडी मारतो. ठेवायचे घटक नव्या लिस्टमध्ये घेणं हा सुरक्षित मार्ग.

दशांश. ०.१ आणि ०.२ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. फ्लोट आत द्विमान पद्धतीत साठवला जातो आणि हे अपूर्णांक त्यात नेमके बसत नाहीत. दोन फ्लोट == ने तोलू नका. राउंडलाही २.५ दिला की तो २ देतो आणि ३.५ दिला की ४. बरोबर अर्ध्यावर असेल तर तो सम संख्येकडे जातो.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘मराठी’ या शब्दाची लांबी लेनने मोजली तर ३ नाही, ५ येते, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. स्ट्रिंग उलटी केली की मात्रा भलत्याच अक्षराला चिकटतात त्याचंही कारण हेच.

तपासणी: वरची प्रत्येक चूक आपल्या फाइलमध्ये मुद्दाम करून बघा आणि नंतर दुरुस्त करा. नुसतं वाचून पुढे गेलात तर त्या सगळ्या तुम्हाला पुन्हा भेटतील.

## टप्पा ६: फंक्शन लिहिण्याआधी उत्तरं लिहा

फंक्शन आलं की असर्ट शिकून घ्या. तो एक अट तपासतो आणि ती खोटी निघाली तर तिथेच थांबतो. लीप वर्ष सांगणारं फंक्शन लिहायचं असेल, तर आधी चार असर्ट लिहा: २०२४ खरं, २०२३ खोटं, १९०० खोटं, २००० खरं. मग फंक्शन. फक्त ४ने भाग जातो का एवढंच बघणाऱ्यांचं फंक्शन १९००वर अडतं. शतकाचं वर्ष ४००ने भाग गेला तरच लीप असतं.

अशी उत्तरं आधी मांडली की ‘चाललं वाटतं’ हा शब्दप्रयोग सरावातून जातो. प्रश्न हवे असतील तर कोडिंगबॅट आणि एक्सरसिझमवर तयार चाचण्यांसह प्रश्न मिळतात. प्रोजेक्ट ऑयलरचा पहिला प्रश्नही चांगला आहे: १०००च्या आतल्या, ३ किंवा ५ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज. उत्तर २,३३,१६८ यायला हवं. २,३४,१६८ आलं, तर तुम्ही १०००सुद्धा धरलाय.

## टप्पा ७: एक पूर्ण प्रश्न, सुरुवातीपासून

छोटे प्रश्न जमतात, पण मोठं काही सुचत नाही, ही पुढची अडचण. मोठा प्रोग्रॅम एकदम लिहायचा नसतो. उदाहरण घेऊ: खर्चाची फाइल आहे, प्रत्येक ओळीत तारीख, बाब आणि रक्कम स्वल्पविरामाने तोडलेली. प्रत्येक बाबीची एकूण रक्कम हवी.

१. चार ओळींची छोटी फाइल हाताने करा आणि उत्तर कागदावर काढून ठेवा.

२. फाइल उघडून ओळी नुसत्या प्रिंट करा. उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर विंडोजवर मराठी अक्षरांचा चुरा होऊ शकतो. ओळींमध्ये रिकामी ओळ दिसेल, कारण फाइलमधल्या ओळीच्या शेवटी आधीच एक अदृश्य चिन्ह असतं. स्ट्रिपने ते काढा.

३. स्प्लिटने तुकडे करा आणि तेही प्रिंट करून बघा. स्वल्पविरामानंतर जागा असेल तर ‘ प्रवास’ आणि ‘प्रवास’ या दोन वेगळ्या बाबी ठरतात. प्रत्येक तुकड्यावर पुन्हा स्ट्रिप.

४. रकमेचा इंट करा. पहिल्या ओळीत शीर्षक असेल तर इथे व्हॅल्यू एरर येईल. ती ओळ वगळा.

५. डिक्शनरीत जमा करा. बाब पहिल्यांदाच आली तर की एरर येतो, म्हणून गेट वापरून मूळ किंमत शून्य धरा.

६. कागदावरच्या उत्तराशी ताडून बघा.

७. आता त्रास द्या: फाइलच्या शेवटी रिकामी ओळ ठेवा, एका ओळीत रक्कम गाळा, पूर्ण रिकामी फाइल द्या. रिकाम्या ओळीचा स्प्लिट एकच रिकामा तुकडा देतो, त्यामुळे तिसरा तुकडा मागितला की इंडेक्स एरर.

८. शेवटी दोन फंक्शन करा: एक ओळ वाचून तिचे तुकडे देणारं, दुसरं बेरीज करणारं. नोंदीतच स्वल्पविराम येऊ लागले की अशा स्वल्पविरामाने तोडलेल्या फाइली वाचणाऱ्या सीएसव्ही मॉड्यूलकडे वळा.

प्रत्येक पायरीनंतर रन करायचं. चाळीस ओळी लिहून पहिल्यांदा रन केलं, तर चूक चाळीस ओळींत शोधावी लागते. तीन ओळींनंतर केलं तर तीनच ओळींत.

## टप्पा ८: उत्तर कधी बघायचं

अडल्यावर लगेच बघायचं नाही आणि तासभर डोकं आपटायचंही नाही. वीस मिनिटं प्रामाणिकपणे प्रयत्न करा. मध्ये मध्ये व्हेरिएबलच्या किमती प्रिंट करून बघा, किंवा ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) लावून एकेक ओळ पुढे जा. पायथन ट्यूटर या संकेतस्थळावर कोड टाकला तर प्रत्येक पावलाला कोणत्या नावात काय आहे ते चित्रात दिसतं. लिस्टच्या प्रतीचा गोंधळ तिथे एका नजरेत सुटतो.

तरीही सुटलं नाही तर एआय सहायकाला विचारा, पण कोड मागू नका. एरर, तुमचा कोड आणि कारणाबद्दलचा तुमचा अंदाज द्या, आणि अंदाज बरोबर आहे का ते विचारा. त्याने कोड दिलाच, तर वाचा, खिडकी बंद करा, आणि रिकाम्या फाइलमध्ये स्वतः लिहा. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या दहा मिनिटांत आला पाहिजे. न समजलेला कोड फाइलमध्ये राहू देऊ नका, तो चालत असला तरी.

## टप्पा ९: बाहेरची लायब्ररी लागली की

प्रत्येक प्रकल्पाला वेगळं फोल्डर आणि त्यात व्हीएन्व्हने (पायथनसोबत येणाऱ्या साधनाने) केलेलं वेगळं वातावरण, म्हणजे त्या प्रकल्पापुरत्या लायब्ररींची वेगळी जागा. आधी ते तयार करा, मग सुरू करा, मग लायब्ररी बसवा; हा क्रम उलटला की लायब्ररी भलतीकडे जाते आणि ‘मॉड्यूल सापडलं नाही’ असा एरर येत राहतो. नुसतं पिप (लायब्ररी बसवणारं साधन) लिहिण्याऐवजी ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ अशी आज्ञा द्या, म्हणजे ज्या पायथनने कोड चालणार त्याच्यातच लायब्ररी बसते. काही लिनक्स प्रणालींवर वातावरणाबाहेर पिप चालवलं तर ती थेट नकार देते. तो नकार जबरदस्तीने ओलांडायचे उपाय सापडतात. ते करू नका, व्हीएन्व्ह करा.

तपासणी: लायब्ररी बसवल्यावर त्याच टर्मिनलमध्ये पायथन सुरू करून ती इम्पोर्ट करून बघा. तिथे चालली आणि एडिटरमध्ये नाही, तर एडिटर दुसरा पायथन वापरतोय. त्याच्या सेटिंगमध्ये इंटरप्रिटर (कोड चालवणारा पायथन) बदला.

## सरावात खंड पडला तर

परीक्षा, आजारपण, कामाचा ताण, कशानेही खंड पडतो. परत आल्यावर लोक पहिल्या धड्यापासून सुरू करतात, व्हेरिएबल आणि इफ-एल्स पुन्हा बघतात, आणि लूपपाशी पुन्हा थांबतात. असं करू नका. वहीतून वेगवेगळ्या विषयांचे पाच जुने प्रश्न निवडा, सोप्याकडून अवघडाकडे लावा, आणि एकेक रिकाम्या फाइलमध्ये लिहा. ज्या प्रश्नाला पहिल्यांदा जुनी फाइल उघडावीशी वाटेल, त्याच्या विषयापासून पुन्हा सुरुवात करा.